कव्हरकाका

घोडपदेवला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कव्हरकाका राहतात. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटीवर प्लास्टिक आहे आणि प्लास्टिकवर रे रोडच्या ट्रकांनी उडवलेली इतक्या वर्षांची धूळ आहे. त्यामुळे नवा पोस्टमन आला की खालूनच विचारतो, "ते कव्हरवाले कुठल्या माळ्यावर?"

घरात सोफ्याला कव्हर, कव्हरवर टर्किश टॉवेल, आणि पाहुणा पावसातून आलेला असेल तर टॉवेलवर कालचा पेपर. मिक्सरला फ्रॉक, फ्रिजच्या हँडलला मोजा, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड. ती पिशवी आता एवढी पिवळी पडली आहे की आवाज वाढवायला जावं तर चॅनल बदलतो. लॅमिनेशन हा तर काकांचा कुळाचार. रेशनकार्ड, लग्नपत्रिका, गॅसच्या पहिल्या सिलिंडरची पावती, सगळं लॅमिनेट. मुलीच्या दहावीच्या मार्कशीटलाही त्यांनी केलं होतं. अकरावीच्या प्रवेशाला कॉलेजातल्या क्लार्कचा शिक्का त्यावर काही उठेना. काकांनी त्यालाच सुनावलं, "चांगल्या कागदावर शिक्के मारायची तुम्हाला हौसच फार!"

हसायला सोपं आहे, म्हणून त्यांची बाजू आधी सांगून टाकतो. काका मूळचे पाटणकडचे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. घर बसलं. लोखंडी ट्रंकेत होतं तेवढं वाचलं: आईचं लुगडं, वडिलांचा शाळेचा दाखला, एक पितळी तांब्या. ती ट्रंक घेऊन माणसं मुंबईला आली. पुढे काका पोर्ट ट्रस्टमध्ये स्टोअरकीपर झाले. तिथे तर ताडपत्री हाच पोटापाण्याचा विषय. अशा माणसाला ‘वस्तू उघडी ठेवा’ म्हणून सांगायला कोणी जाऊ नये. गेला तो त्यांचा भाचा.

भाचा परळला राहतो आणि लग्नांचे फोटो काढतो. त्याचं बघून काकांनी निवृत्तीनंतर फोटोग्राफी मनावर घेतली. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं आगमन आपल्या कॅमेऱ्यात टिपायचं, एवढीच इच्छा. एका सकाळी ते एकटेच बोराबाजारात गेले आणि दुपारी एक यूव्ही फिल्टर घेऊन परत आले. नुसता फिल्टर. कॅमेरा नाही.

"मामा, फिल्टर कशाला लावणार?" भाच्याने विचारलं.

"लेन्सला. आधी संरक्षण, मग खरेदी."

"पण कुठल्या मापाचा घेतलात?"

"६७. साल लक्षात राहतं."

पुढच्या आठवड्यात भाचा त्यांना घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेला. काकांनी फिल्टर काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हा ६७चा आहे. याला बसेल असा कॅमेरा दाखवा." नशिबाने निकॉनची १८-१४० लेन्स नेमकी ६७ मिलिमीटरचीच निघाली, नाहीतर काकांनी फिल्टरसाठी कंपनी बदलली असती. निघताना त्यांनी आणखी एक ६७चा फिल्टर मागितला. दुकानदार म्हणाला, "एक आहे ना तुमच्याकडे?" काका म्हणाले, "त्याला ओरखडा आला म्हणजे?"

दुसरा फिल्टर पहिल्यावर चढला. आता ती लेन्स १८वर नेली की फोटोच्या चारही कोपऱ्यांत अंधार. एकावर एक दोन कड्या आल्या की रुंद कोनात त्या चौकटीत डोकावणारच. काकांना त्याचं काही नव्हतं. "कोपऱ्यात बघायचंय काय? बाप्पा मध्ये आहे."

भाच्याने एकदा त्यांना बसवून शास्त्र सांगायचा प्रयत्न केला. फिल्मच्या जमान्यात यूव्ही फिल्टरला काम होतं. फिल्मला अतिनील किरण लागायचे, त्यामुळे महाबळेश्वरला पॉइंटवरून दरीचा फोटो काढला की निळसर, धुरकट यायचा. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे अतिनील अडवणारी काच कंपनीनेच बसवलेली असते.

"म्हणजे आत एक आहेच?"

"आहेच. तुमच्या फिल्टरला तसं कामच नाही, नुसती राखण."

"मग राखण हे काम नाही? आतून कडी आहे म्हणून बाहेर कुलूप लावायचं नाही का माणसाने?"

इथे भाच्याने चहा मागितला.

एक कबूल करायला हवं. आगमनाच्या दिवशी काकाच शहाणे ठरले. चिंचपोकळीचं मंडळ १९२० सालचं. मूर्ती परळच्या कार्यशाळेतून निघते आणि पुलाकडे येते तोवर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. एकाच रंगाचे टी-शर्ट, ढोल, ताशा, वरून भुरभुर पाऊस, आणि माणसापेक्षा उंच धरलेले कॅमेरे. त्या गर्दीत लेन्सवर काय येईल याचा नेम नाही. गुलाल येतो, पावसाचे थेंब येतात, पुढच्याची कोपरं येतात, एकदा तर शेजारच्या पोराची अर्धी खाल्लेली इडली आली. बाकीची पोरं टी-शर्टच्या टोकाने लेन्स पुसत होती. गुलाल कोरडा पुसणं म्हणजे बारीक कण काचेवर घासणं. काकांनी शांतपणे वरचा फिल्टर फिरवून काढला, खिशात ठेवला आणि खालच्या फिल्टरवर फोटो सुरू ठेवले. भाच्याने दोन्ही हात जोडले.

भानगड दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. काकांनी इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकला. रात्रीचा, हॅलोजनच्या उजेडातला, मूर्ती झकास. आणि मुकुटाच्या वर, अंधारात, तीन हिरवट गोळे तरंगतायत. पाच मिनिटांत पहिल्या माळ्यावरच्या आजींनी हात जोडलेली सहा चित्रं टाकली. कोणी लिहिलं, ‘साक्षात!’ दुपारपर्यंत फोटो फेरबंदर, डी. पी. वाडी करत काळाचौकीला पोचला आणि तिथून ‘घोडपदेवच्या भक्ताला दिसलेला दिव्य प्रकाश’ अशा मथळ्याखाली आमच्याच ग्रुपवर परत आला. काकूंनी देव्हाऱ्याच्या वरची जागा मोकळी केली.

संध्याकाळी भाचा आला. त्याने फोटो मोठा केला, खिशातून पेन काढलं आणि स्क्रीनवर तिरकं धरलं. "हा खाली डावीकडचा हॅलोजन. हा फोटोचा मध्य. आता पेन सरळ वर न्या." पेनाचं दुसरं टोक बरोबर हिरव्या गोळ्यावर. दुसरा हॅलोजन, दुसरा गोळा. तिसराही तसाच. मध्यापासून दिवा जितका लांब, तितकाच गोळा पलीकडे.

कारण साधं आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. बिनलेपाच्या फिल्टरला पुढून एक आणि मागून एक असे दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. दिवसा ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. रात्री मात्र हॅलोजनचा झोत लेन्समधून आत जातो, चकचकीत सेन्सरवर आपटून उलटा बाहेर निघतो, सपाट फिल्टरवर पुन्हा आपटतो आणि आत परततो. लेन्सच्या काचा गोलाकार असतात, त्या असा प्रकाश विखरून टाकतात. फिल्टर पडला सपाट. तो आला तसा सरळ परत पाठवतो. राणीच्या बागेत पेंग्विनचा फोटो काढताना पेंग्विनच्या पोटावर आपलाच टी-शर्ट उमटतो, त्यालाही जबाबदार ही सपाट काचच. तिथे कॅमेरा काचेला अगदी टेकवला तर टी-शर्ट जातो. फिल्टर लेन्सला टेकवून काही जात नाही, तो टेकलेलाच असतो.

काकांपुढे धर्मसंकट. हिरवा प्रकाश बाप्पाचा म्हणावा, तर फिल्टर निर्दोष सुटतो, पण भाचा पेन घेऊन समोर बसलेला. फिल्टरचा म्हणावा, तर चमत्कार जातो, आणि काकूंनी फ्रेमवाल्याला अॅडव्हान्स दिलेला. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "प्रकाश बाप्पाचाच. फिल्टरने तो दाखवला."

मग वाद थरांवर आला. काकांचं म्हणणं, थर वाईट नसतो. "ज्याच्या नावाने ही वस्ती आहे तो घोडपदेव शेंदराच्या थराखालीच आहे ना?" भाच्याने लगेच वणीचं उदाहरण दिलं. २०२२ साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला, तेव्हा आतलं कोरीव रूप लोकांना दिसलं. "बघा मामा, थर काढल्यावर बारकावे दिसले." काका म्हणाले, "आणि एवढी वर्षं ते बारकावे टिकले कुणामुळे?" या उत्तरावर भाचाच काय, मीही गप्प बसलो. अजून मला त्याला उत्तर सुचलेलं नाही.

भाच्याची चूक अशी की, वाद जिंकायच्या भरात त्याने इतिहास काढला. १८८६ साली इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं की, जुनी, डागाळलेली काच नव्या स्वच्छ काचेपेक्षा कमी प्रकाश परत फेकते आणि जास्त आत सोडते. डागाचा तो पातळ पापुद्राच परावर्तन कमी करत होता. पुढे १९३५ साली झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी मुद्दाम असा लेप काचेवर चढवायची रीत काढली. आज चांगल्या लेन्सच्या आतल्या काचांवरही असे अनेक पापुद्रे असतात, एकावर एक.

काका खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे लेन्सला मुळातच कव्हर असतं?"

"कोटिंग, मामा."

"तेच ते." त्या दिवसापासून त्यांना लेन्स बनवणाऱ्यांबद्दल आदर वाटायला लागला. लेप असलेला चांगला फिल्टर घ्यायलाही ते तयार झाले. किंमत ऐकून थोडे बसके झाले, पण घेतला. त्यात परत फिरणारा प्रकाश १ टक्क्याच्याही खाली येतो, असं भाच्याने समजावलं. भाच्याने आणखी एक आगाऊपणा केला. कॅननच्या काही महागड्या लेन्सच्या माहितीपुस्तिकेत, पाऊस-धुळीपासून पूर्ण बंदोबस्त हवा असेल तर पुढे फिल्टर लावा, असं कंपनीच सांगते, हे त्याने बोलून टाकलं. काकांनी ते पान मागवून घेतलं. लॅमिनेट झालं, हे वेगळं सांगायला नको.

खरं-खोटं करायला एका रविवारी सगळे गच्चीवर जमलो. पाण्याच्या टाकीला पेपरचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, ट्रायपॉड लावला, भाच्याची ७०-३०० लेन्स आणली. तीही ६७चीच. एक फोटो स्वस्त फिल्टर लावून, एक महागडा लावून, एक उघड्या लेन्सने. कुठला कशाचा ते फक्त भाच्याला माहीत. परीक्षक म्हणून काकू, मी आणि पहिल्या माळ्यावरच्या आजी. काका स्वतः परीक्षक नव्हते. स्वस्त फिल्टर काढताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून त्यांना टाकीमागे उभं केलं होतं.

जवळच्या टप्प्याला तिन्ही फोटोंत कुणालाच काही फरक दिसेना. आजी तर तिन्हींमध्ये आपल्या नात्यातलं स्थळ शोधत होत्या. ३००वर मात्र काकूंनी एका फोटोवर बोट ठेवलं. "यातल्या ‘गृहकृत्यदक्ष’मधला ‘क्ष’ फिसकटलाय." तो स्वस्त फिल्टरचा निघाला. काच पूर्ण सपाट नसेल तर लांबच्या लेन्सला ते जाणवतं, जवळच्याला चालून जातं. महागडा फिल्टर आणि उघडी लेन्स यांत काकूंनी भिंग घेऊनही काही काढलं नाही, आणि काकू तांदळातला खडा चष्म्याशिवाय काढतात. काका टाकीमागून विचारत होते, "झालं का? झाकू का आता?"

जिन्याचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण काका ते थोडक्यात आटोपत नाहीत. दुसऱ्या माळ्याच्या वळणावर कॅमेरा हातून निसटला, दोन पायऱ्या उतरला, आणि स्वस्त फिल्टर फुटला. लेन्स शाबूत. काकांनी इमारतीत पेढे वाटले. भाच्याचं म्हणणं, फिल्टरची काच पातळ, ती जरा धक्क्यालाही फुटते. तेवढ्याने लेन्सची जाड काच फुटली नसती, उलट फुटलेल्या काचेच्या तुकड्यांनी ओरखडा पडायची भीती, आणि लेन्सचा हूड लावला असता तर धक्का त्यानेच खाल्ला असता. शिवाय चेपलेल्या कडीचे आटे जाम झाले ते वेगळंच. ती काढायला फोर्टात कारागिराकडे जावं लागलं. काकांना यातलं एक अक्षर मान्य नाही. तो फुटका फिल्टर त्यांच्या शोकेसमध्ये आहे. पारदर्शक डबीत, अर्थात.

एवढं सगळं होऊन लेन्सचा घात केला तो भलत्यानेच. पुढच्या पावसाळ्यात काकांनी कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घातला, केस प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जुन्या धोतराच्या फडक्यात, आणि सगळं गाठोडं लाकडी कपाटाच्या तळाशी ठेवलं. जुलैत आमच्या भागात खाडीकडून येणारा दमट वारा भिंतींना घाम फोडतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, आणि चामडं तर ओल धरूनच ठेवतं. श्रावणात गाठोडं सुटलं. भाच्याने लेन्स खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. आतल्या काचेवर पांढरे बारीक तंतू, कडेकडेने पसरलेले. फिल्टर पुढून लख्ख.

"मामा, हिला हवा नाही मिळाली."

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "बाहेरून तर काहीच नाही लागलं तिला."

लेन्स साफ होऊन आली, पण एका काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला तो खाल्लाच. आता कॅमेरा काकूंच्या हवाबंद डब्यात राहतो. काकूंनी तो शेवयांसाठी ठेवला होता, सबंध घरात झाकण घट्ट बसणारा तेवढाच एक. आत सिलिका जेलच्या पुड्या. दाणे निळे असतात, ओल पिऊन गुलाबी होतात, मग काकू ते मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करतात. काकांना ही व्यवस्था मनापासून पटली आहे. हवाबंद डबा म्हणजे काय, तर शास्त्राने मान्य केलेलं कव्हर.

ज्यांना यातून उत्तर हवं आहे, त्यांच्यासाठी भाच्याचा आणि काकांचा तह झाला आहे, तो सांगतो. गुलाल, पाऊस, चौपाटीवरचा खारा वारा, दारूखान्यातली गंजाची धूळ असेल तिथे फिल्टर लावायचा, आणि एकच, चांगल्या लेपाचा. रात्री दिव्यांसमोर आणि उन्हाच्या तोंडावर काढायचा. हूड कायम. आणि पावसाळ्यात काळजी पुढच्या काचेची कमी, आतल्या ओलीची जास्त. चांगल्या फिल्टरने फोटो बिघडतो अशी ओरड करणाऱ्यांनी एकदा टाकीवर पेपर चिकटवून काकूंना बोलवावं.

तहातलं रात्रीचं कलम काका पाळतात, पण त्यांना वेळ लागतो. तेव्हा येत्या आगमनाला चिंचपोकळीच्या पुलाशी, गळ्यात प्लास्टिकने गुंडाळलेला कॅमेरा आणि शर्टाच्या खिशाला सेफ्टीपिन लावलेला एक गृहस्थ दिसला, तर कृपा करून मागून ‘काका, फिल्टर काढा’ म्हणून ओरडू नका. ते लगेच काढतील, गर्दीत फिल्टर हातातून सुटेल, आणि मूर्ती पुढे गेली तरी तुम्हाला त्यांच्याबरोबर रस्त्यावर वाकून तो शोधत बसावं लागेल.